गोळी आणि गुठळी

'डॉक्टर, अंगात रगत आधीच कमी, त्यात ते पातळ कशापायी करताय?'

माझ्या दवाखान्यात एका आबांनी मला हा प्रश्न विचारला होता. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. शहरातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ज्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्यांतल्या दोन 'रक्त पातळ करण्याच्या' आहेत, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. दुधात पाणी घालावे तसे आपल्या रक्तात काहीतरी मिसळले जाणार आणि अंगातली ताकद जाणार, या समजुतीने आबांनी दोन्ही गोळ्या परस्पर बंद करून टाकल्या होत्या.

चूक आबांची नव्हती, आमच्या शब्दांची होती. या औषधांनी रक्त पातळ होतच नाही. त्याचा दाटपणा होता तेवढाच राहतो. मंदावते ती त्याची गोठण्याची क्रिया. विळ्याने बोट कापले की रक्त थोडे वाहते आणि थांबते. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जखमेपाशी गोळा होऊन एकमेकींना चिकटतात, त्यांच्याभोवती तंतूंचे जाळे विणले जाते आणि बूच तयार होते. ही सोय नसती तर माणूसजात टिकलीच नसती. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचलेला असतो आणि एखाद्या दिवशी त्याला तडा जातो, तेव्हा शरीराची फसगत होते. जखम झाली असे समजून ते तिथेही बूच बसवू लागते. वाहिनी आधीच चिंचोळी, त्यात ही गुठळी. वाट अर्धवट बंद झाली किंवा पूर्ण, त्यावर पुढचे सारे ठरते. या सगळ्या प्रकारांना मिळून डॉक्टर 'अ‍ॅक्यूट करोनरी सिंड्रोम' म्हणतात. जी क्रिया एरवी जीव वाचवते, तीच इथे जीव घेते.

हे आज मी चार वाक्यांत सांगितले. वैद्यकशास्त्राला ते कळायला आणि पटायला जवळजवळ पाऊण शतक लागले. त्या काळाशी माझे एक घरगुती नाते आहे, म्हणून ही हकिकत सांगाविशी वाटते.

१९८१ सालच्या मे महिन्यात माझ्या वडिलांना, अण्णांना, हृदयविकाराचा झटका आला. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. डॉक्टर होऊन मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. पहाटे त्यांच्या छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम सुटला. तालुक्याच्या गावी त्यांना दाखल केले. वेदनेसाठी इंजेक्शन, ऑक्सिजन आणि सक्त विश्रांती, असे उपचार सुरू झाले. कूससुद्धा स्वतः वळायची नाही, असा हुकूम होता. तिसऱ्या रात्री उशाशी बसून बसून आईचे डोके दुखायला लागले. मी बॅगेतून अ‍ॅस्पिरिनची गोळी काढली आणि तिला दिली. अण्णा शेजारच्याच खाटेवर होते. त्यांना ती गोळी द्यावी हे माझ्या मनातही आले नाही. तिथल्या कुणाच्याच मनात आले नाही. पाचव्या दिवशी अण्णा गेले.

तिथल्या डॉक्टरांना मी कधीच दोष दिला नाही. तेव्हाची पुस्तके जे सांगत होती, तेच त्यांनी केले. आता पुस्तके काय सांगत होती ते पाहू.

१९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एक निबंध लिहिला. हृदयाच्या वाहिनीत गुठळी झाली म्हणजे माणूस तत्काळ मरतोच असे नाही, तो जगूही शकतो आणि असा आजार जिवंतपणी ओळखता येतो, हे त्यांनी दाखवले. उपचार म्हणून त्यांनी विश्रांती सांगितली. पुढची कित्येक दशके डॉक्टरांनी तेवढेच पकडून ठेवले. रुग्ण चार-चार, सहा-सहा आठवडे अंथरुणाला खिळून राहू लागले. गुठळीचे काय करायचे, याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

गंमत अशी, की उत्तरे सापडत होती, पण ती हृदयाचा विचार न करणाऱ्यांच्या हाती लागत होती. १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या हाताखाली काम करत होता. रक्त लवकर गोठवणारे पदार्थ शोधायचे, हे त्याचे काम. कुत्र्याच्या यकृतातून त्याने एक अर्क काढला आणि पाहतो तो काय, रक्त गोठायचेच नाव घेईना. शोधायला गेला एक आणि मिळाले नेमके उलटे. ग्रीक भाषेत यकृताला 'हेपार' म्हणतात, त्यावरून हॉवेल यांनी अशा पदार्थाला हेपरिन नाव दिले. माणसाला टोचण्याइतके शुद्ध हेपरिन मिळायला १९३०चे दशक उजाडले. इन्शुलिनच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेले चार्ल्स बेस्ट आणि त्यांचे टोरंटोतले सहकारी यांचा त्यात मोठा वाटा होता. आज जगभर वापरले जाणारे हेपरिन मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून काढतात.

दुसरे उत्तर गोठ्यातून आले. १९२०च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात गुरांना विचित्र रोग जडला. शिंगे कापली, खच्चीकरण केले, एवढ्या किरकोळ जखमेतूनही रक्त वाहत राही आणि जनावर मरे. ही गुरे 'स्वीट क्लोव्हर' नावाचा, लसूणघासाचा भाऊबंद शोभेल असा चारा खात. पावसाळी हवेत त्याच्या वाळलेल्या पेंढ्यांना बुरशी लागली की रोग उद्भवतो, एवढे पशुवैद्यांनी शोधले होते. पण नेमके विष कोणते, ते कळत नव्हते. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसन शहरात आला. गाडीत एक मेलेली कालवड, बुरशी आलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले, न गोठलेले रक्त. शनिवार असल्याने पशुवैद्यकाची कचेरी बंद होती. हिंडत हिंडत तो रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक त्याला त्या दिवशी काहीच मदत करू शकले नाहीत. पण कॅन त्यांच्याकडे राहिला आणि प्रश्नही. सहा वर्षे खपून १९३९ मध्ये त्यांच्या चमूने त्या चाऱ्यातून डायकुमारोल वेगळे केले. त्याच कुळातले आणखी जहाल रसायन १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. त्याचे नाव वॉरफरिन. काही वर्षांतच तेच माणसांचे औषध झाले. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांना वॉरफरिन देण्यात आले होते.

मग प्रश्न सुटला का? नाही. औषध हातात असणे वेगळे आणि ते उपयोगी आहे हे ठाऊक असणे वेगळे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या आयर्विंग राइट यांच्या पुढाकाराने अनेक रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. विषम तारखेला दाखल होईल त्याला गोठणविरोधी औषध द्यायचे, सम तारखेला येईल त्याला नाही. निकाल औषधाच्या बाजूने लागला. पण पुढे कुणीतरी मोजले, तर विषम तारखांच्या गटात रुग्ण बरेच जास्त भरले होते! तारीख तर सगळ्यांनाच ठाऊक असते. आपल्या रुग्णाला औषध मिळावे म्हणून एखाद्या डॉक्टरने दाखल करण्याचा दिवस इकडचा तिकडे केला नसेल कशावरून? मग दोन्ही गट सारखे राहिले कुठे? हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि १९७०च्या सुमारास बहुतेक डॉक्टरांचा या औषधांवरचा भरवसा उडत गेला. त्यात काही विकृतिशास्त्रज्ञ तर म्हणू लागले, की गुठळी हे झटक्याचे कारण नसून परिणाम आहे.

आता आपल्या गोळीकडे येऊ. अ‍ॅस्पिरिन १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात तयार झाले. ताप, अंगदुखी, डोकेदुखी यांवर ते जगभर खपत होते. आपल्याकडे खेड्यातल्या किराणा दुकानातही 'अ‍ॅस्प्रो' मिळे. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल गावात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर होते. माझ्यासारखेच सर्वसाधारण व्यवसाय करणारे. टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना घसा दुखू नये म्हणून ते अ‍ॅस्पिरिन घातलेले च्युइंगगम देत. काही रुग्ण हे गम जास्तच चघळत आणि त्यांच्या घशातून भलताच रक्तस्राव होई. दुसऱ्या कुणी गम बंद करून विषय संपवला असता. क्रेव्हन यांना वाटले, जी वस्तू घशातले रक्त गोठू देत नाही, ती हृदयातलेही गोठू देणार नाही. त्यांनी स्वतः रोज बारा गोळ्या घेऊन पाहिल्या. पाचएक दिवसांत नाकातून रक्त येऊ लागले. मग त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांना रोज अ‍ॅस्पिरिन घ्यायला सांगितले. १९५० साली त्यांनी अशा ४०० जणांची हकिकत छापली. १९५६ पर्यंत संख्या सुमारे ८,००० झाली आणि त्यांतल्या एकालाही हृदयविकाराचा झटका आला नाही, असा त्यांचा दावा होता.

हे सारे लहानशा नियतकालिकांत छापून आले आणि कुणी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. १९५७ साली खुद्द क्रेव्हन हृदयविकाराच्या झटक्याने वारले.

ही गोष्ट 'उपेक्षित द्रष्टा' म्हणून सांगायचा मोह होतो. मलाही पूर्वी व्हायचा. पण नीट विचार केला तर लक्षात येते, की क्रेव्हन यांचा तर्क बरोबर होता आणि हिशेब चूक. अ‍ॅस्पिरिनने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. ८,००० पुरुषांत एकही झटका नाही, हे आजच्या माहितीनुसार अशक्य कोटीतले आहे. गोळी न घेणारा दुसरा गट त्यांनी ठेवलाच नव्हता. तुलनाच नाही, तर गुण गोळीचा की निवडलेल्या माणसांच्या प्रकृतीचा, हे कोण सांगणार? दोष केवळ जगाच्या बहिरेपणाचा नव्हता. पटेल असा पुरावा त्यांनी समोर ठेवला नव्हता.

पुरावा हळूहळू जमत गेला. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅस्पिरिनमुळे बिंबिका एकमेकींना चिकटत नाहीत हे दिसले. १९७१ साली लंडनमध्ये जॉन वेन यांनी अ‍ॅस्पिरिनची मूळ किमया उलगडली. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होणेच ते थांबवते. या क्षेत्रातल्या कामासाठी १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बिंबिकेला केंद्रक नसते, त्यामुळे एकदा निकामी झालेली यंत्रणा तिला पुन्हा उभी करता येत नाही. एक लहानशी गोळी तिला तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यभरासाठी निष्प्रभ करते. १९७४ साली वेल्समधल्या कार्डिफ इथे पीटर एलवूड आणि आर्ची कॉक्रेन यांनी झटका येऊन गेलेल्या १,२३९ पुरुषांवर चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले, अर्ध्यांना अ‍ॅस्पिरिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. अ‍ॅस्पिरिनच्या गटात मृत्यू सुमारे पाव हिश्शाने कमी झाले. पण माणसे इतकी थोडी होती, की हा निव्वळ योगायोग नाही असे छातीठोकपणे म्हणता येईना.

१९८० साली अमेरिकेतल्या मार्कस डीवूड यांनी झटका सुरू असतानाच रुग्णांच्या वाहिन्यांची चित्रे घेतली. पहिल्या चार तासांत तपासलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांची वाहिनी पूर्ण बंद होती. गुठळीच खरी गुन्हेगार, हे त्याने बव्हंशी निश्चित झाले. म्हणजे अण्णांच्या आदल्याच वर्षी. पण एवढ्या ताज्या गोष्टी तालुक्याच्या गावी पोहोचायला वेळ लागतो. १९८३ साली अमेरिकेतच १,२६६ माजी सैनिकांवर चाचणी झाली. यांना झटका अजून आलेला नव्हता, पण छातीतल्या कळा वाढत चालल्या होत्या. बारा आठवडे रोज एक अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत झटका किंवा मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आले.

अखेरचा निकाल १९८८ साली लागला. ऑक्सफर्डमधल्या पीटर स्लाइट, रिचर्ड पीटो, रोरी कॉलिन्स वगैरे मंडळींनी 'आयसिस-२' नावाची चाचणी योजली. ऑक्सफर्डमध्ये आयसिसची ही मालिका सुरू करणाऱ्यांत सलीम युसुफ हे आपले भारतीय डॉक्टरही होते. केरळात जन्मलेले, बंगळूरुच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात शिकलेले. आयसिस-२ मध्ये १६ देशांतली ४१७ रुग्णालये आणि १७,१८७ रुग्ण होते. झटका आलेला रुग्ण आला की डॉक्टरने फोन करायचा आणि मिळेल त्या क्रमांकाचे पाकीट उघडायचे. आत खरे औषध की खोटे, ते डॉक्टरला ठाऊक नाही आणि रुग्णालाही नाही. सम-विषम तारखांची पळवाट बंद. औषधे दोन होती. एक स्ट्रेप्टोकायनेज, घसा बिघडवणाऱ्या जंतूंच्या जातीपासून मिळणारे आणि झालेली गुठळी विरघळवणारे. दुसरे अ‍ॅस्पिरिन, १६० मिलिग्रॅम, महिनाभर रोज.

पाच आठवड्यांनी हिशेब केला. दोन्ही औषधे न मिळालेल्यांत १३.२ टक्के दगावले, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. नुसत्या अ‍ॅस्पिरिनचा हिशेब मांडला, तर ते न घेणाऱ्यांत ११.८ टक्के आणि घेणाऱ्यांत ९.४ टक्के. अ‍ॅस्पिरिनचा गुण महागड्या स्ट्रेप्टोकायनेजच्या जवळपास तोडीस तोड निघाला.

या निबंधात एक मिश्कील तक्ता आहे. अमुक वयाच्या, तमुक गटाच्या रुग्णांना किती फायदा झाला ते वेगळे काढून दाखवा, असा आग्रह होता. लेखकांनी मग जन्मतारखेवरून पाश्चात्त्य पद्धतीने राशीही मांडल्या. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित तोटाच, असे 'सिद्ध' झाले! आकडे लहान तुकड्यांत चिरले की ते काहीही बोलू लागतात, हे त्यांना दाखवायचे होते.

जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हा निबंध वाचून दाखवला, तेव्हा मी मागच्या रांगेत बसलो होतो. मला आईची डोकेदुखी आठवली. बॅगेतली ती पट्टी आठवली.

पुढचा प्रवास वेगाने झाला. बिंबिकांना दुसऱ्या वाटेने अडवणारे क्लोपिडोग्रेल आले. युसुफ यांच्याच नेतृत्वाखाली २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्युअर' चाचणीत १२,५६२ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल दिल्यावर झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ११.४ वरून ९.३ टक्क्यांवर आले. पण मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण २.७ वरून ३.७ टक्के झाले. या औषधांचा व्यवहार असा उधार-उसनवारीचा आहे. गुठळीपासून वाचवायचे, तर रक्तस्रावाचा धोका थोडा पत्करावाच लागतो. आबांच्या चिठ्ठीवरच्या दोन गोळ्या याच. त्या मनाने बंद करू नयेत, तशा मनाने सुरूही करू नयेत. क्रेव्हन यांच्यासारखे धडधाकट माणसांनी रोज अ‍ॅस्पिरिन घ्यावे, असे आज कुणी जाणकार सरसकट सांगत नाही. २०१८ सालच्या मोठ्या चाचण्यांत अशांना फायद्याच्या मानाने रक्तस्रावाचा त्रास फार, असे दिसले. गोळीचा खरा पराक्रम आहे तो गुठळी धरू लागलेल्या हृदयात.

आणि आपल्याकडे? 'क्रिएट' नावाच्या पाहणीत भारतातल्या ५० शहरांतल्या २०,४६८ रुग्णांची नोंद झाली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. मोठ्या झटक्याच्या रुग्णांपैकी ९८ टक्क्यांना बिंबिकाविरोधी औषध मिळाले होते. स्वस्त गोळी सर्वांपर्यंत पोहोचली होती. पण कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यम काळ होता सहा तास. शिवाय महिनाभरात गरिबांतले ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांतले ५.५ टक्के. उपचारांतला फरक हिशेबात धरला की ही दरी उरत नव्हती. म्हणजे गरिबाचे हृदय वेगळे नव्हते, त्याला मिळालेले उपचार कमी होते.

म्हणून एवढेच सांगतो. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटला तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा, रुग्णालय गाठा. अ‍ॅस्पिरिनचे वावडे नसेल, कुठे रक्तस्राव होत नसेल आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितले, तर गोळी गिळू नका, चावून खा. ती लवकर लागू पडते. आयसिस-२ मध्येही पहिली गोळी तशीच दिली होती.

आबांना मी हे सगळे सांगितले नाही. म्हटले, 'आबा, रक्त पातळ नाही होत. पाटात गाळ धरू नये म्हणून ही गोळी.' पाटाचे पाणी आयुष्यभर पाहिलेला माणूस, त्यांना लगेच पटले. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

अण्णांचे काय झाले असते, हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारतो. आकडेवारीचे उत्तर स्पष्ट आहे. अण्णांसारख्या शंभर जणांना ती गोळी दिली असती, तर दोघे-तिघे जास्त जगले असते. त्या दोघा-तिघांत अण्णा असते का, ते कुठलाही आकडा सांगू शकत नाही. बहुधा नसते. पण पुढे गावात तीस-पस्तीस वर्षे मी जेव्हा जेव्हा घामाघूम झालेल्या रुग्णाच्या तळहातावर ती गोळी ठेवली, तेव्हा तेव्हा त्या शंभरांत एक जागा अण्णांची आहे असे समजूनच ठेवली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)